ट्यूबचं वायसर

आमच्या संघटनेची मोटार माझ्यापेक्षा वयानं मोठी होती. काळी, गोल पाठीची, एका जमीनदारानं कंटाळून चळवळीला देऊन टाकलेली. लोक दान असंच करतात, स्वतःला नको झालेल्याचं. टाकी अर्ध्याच्या वर भरली की डिकीत पेट्रोल पाझरायचं. म्हणून अर्धीच भरायची, आणि तरी ओल दिसली की कपड्याचा साबण मळून तिथं थापायचा. साबण पेट्रोलला दाद देत नाही, हे आमच्याकडच्या कुठल्याही डायव्हरला ठाऊक असतं.

पत्रकं मी लिहायचो. ‘तात्पुरती मलमपट्टी नको’ हे वाक्य स्टेन्सिलवर माझा हात न बघता कोरायचा.

त्या वर्षी धावड्याच्या वाटेवरच्या एका वस्तीत दवाखान्याची खोली बांधून तयार होती, कुलूप लावून. नर्स नव्हती. बायका बैलगाडीत बाळंत व्हायच्या. एका नर्सची जागा निघाली होती आणि सोमवारी जालन्यात सुनावणीला ज्या गावाचे अर्ज असतील त्यांचाच विचार होणार होता. वस्तीतली सुईण, जिला आम्ही मावशी म्हणायचो, माझे सायक्लोस्टाइल अर्ज घेऊन आठवडाभर फिरली. खुरपणाऱ्या बायकांना बांधावर गाठून तिनं अंगठे घेतले. गठ्ठा देताना म्हणाली, “बराबर पोचव बाबा. पुन्हा येवढ्या जणी गोळा व्हायच्या न्हाईत.”

शुक्रवारी साबणही टिकेना, म्हणून मोटार राजूरच्या गॅरेजवाल्या उस्तादकडं नेली. त्यानं डिकीत डोकं घातलं.

“टाकी अच्छी हाय. काट्याची चकती गळती.”

टाकीच्या बाजूला तळहाताएवढी गोल चकती पाच स्क्रूंनी बसवलेली होती. तिच्या आतल्या तारेला पोकळ गोळा; तो पेट्रोलवर तरंगतो आणि डायव्हरसमोरचा पेट्रोलचा काटा हलवतो. चकतीखालचं बुचाचं वायसर कुजून भुगा झालं होतं.

“टाकी खाली करतो, जालन्याहून बुचाचा तक्ता आणतो. इतवार शाम को ले जाव, लीडरसाब.”

“उद्या मंठ्यात सभा आहे उस्ताद.”

“येष्टी बंद पडली का?”

येष्टी बंद नव्हती. पण भोंगा मोटारीवर होता आणि भाषण माझं होतं. पिशवी घेऊन येष्टीतून उतरणारा वक्ता मला व्हायचं नव्हतं. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब घेतली, कात्रीनं गोल कापली, पाच भोकं पाडली, आणि टाकी अर्ध्याच्या खाली होती म्हणून तिथंच चकती उघडून बसवली. हात काळे झाले म्हणून केवढा अभिमान वाटला.

उस्ताद बघत उभा होता. “ट्यूब पेट्रोल पिती. पिऊन फुगती, मंग ढिली होती. दो दिन चलेगा.”

“दोनच दिवस पाहिजेत.”

“मंग तुमचं राज्य,” म्हणून तो दुसऱ्या गाडीकडं वळला.

सभा जोरात झाली. टाळ्या पडल्या. भाषणावर खूष झालेला एक व्यापारी मला पंपावर घेऊन गेला आणि पोऱ्याला म्हणाला, “फुल कर.” मी अडवलं नाही. माझं वायसर होतं ना.

रविवारी मोटार मंठ्यात दिवसभर उन्हात उभी होती, टाकी काठोकाठ, अर्ज डिकीत. सोमवारी जालन्यात डिकी उघडली. रबर फुगून चकतीच्या कडेनं जिभेसारखं बाहेर आलं होतं. गठ्ठा चिंब. सायक्लोस्टाइलची शाई तेलाची. ओळीच्या ओळी विरघळून काळे डाग झाले होते. अंगठे मात्र जांभळे, ठसठशीत, रेघ न रेघ जागेवर.

साहेबानं एक कागद नाकापासून लांब धरला. “अंगठे दिसतायत. पण कशाखाली घेतलेत, ते कसं ठरवू?”

मी तिथंही भाषण केलं. त्यानं ऐकून घेतलं आणि पुढच्या गावाची फाईल ओढली. नर्स त्या गावाला गेली. या एका साहेबाला मी कुठल्याच पत्रकात शिव्या देऊ शकलो नाही, याचा मला राग आहे.

त्याच आठवड्यात उस्तादनं टाकी रिकामी केली, वाळवली, बुचाचं वायसर कापलं. स्क्रू एकाआड एक, थोडे थोडे आवळले. मग टाकी काठोकाठ भरून कडेनं कोरडं फडकं फिरवलं. कोरडंच निघालं. खरं काम तासाभराचं होतं. फडकं खिशात खोचून त्यानं पैसे तेवढे सांगितले. मी उत्तरं तयार करून गेलो होतो.

पुढच्या जागेसाठी नवे अर्ज छापून वस्तीकडं निघालो. फाट्यावर मावशी उभी होती, शेजारी दिवस भरलेली तिची सून दगडावर बसलेली, कंबर धरून.

“जालन्याला, दवाखान्यात ना? बसा, सोडतो.”

“नको. हिला वकारी येती तुझ्या गाडीत.”

“आता वास नाही मावशी, बिलकुल नाही. नीट करून घेतली.”

“आसंल,” ती म्हणाली आणि रस्त्याकडं बघत राहिली. “येष्टी येऊन राह्यली.”

येष्टी आली. कंडक्टरनं सुनेचा एक हात धरला, मावशीनं दुसरा. नवे अर्ज मागच्या सीटवर होते. ते मी तिला दाखवलेच नाहीत.