भाचीच्या स्वेटरची लोकर

वहिनी मला आवडत नव्हती, आजही आवडत नाही. भावासाठी मी विणलेला हाफ स्वेटर तिनं दुसऱ्याच हिवाळ्यात स्कूटरच्या सीटवर अंथरला होता. पुढं ती बाळंतपणाला माहेरी, घनसावंगीला गेली. मुलगी झाली, आणि आठवड्याभरात तिनं मोबाइलवर बाळाच्या स्वेटरचा नमुना पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, सेम असाच पायजे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बारसं सव्वा महिन्यानं ठरलं होतं आणि बारशाला आत्या रिकाम्या हातानं जात नाही, म्हणून हो म्हटलं.

नमुन्यात परदेशी मेरिनो लोकर सांगितली होती. जुन्या जालन्यातल्या माझ्या नेहमीच्या दुकानदारानं ती नावानंही ऐकली नव्हती. त्यानं दोन पर्याय पुढं टाकले. एक बाळांची मऊ लोकर, पण बारीक. ती घेतली तर टाके वाढवून सगळं माप नव्यानं मांडायला लागणार. दुसरी नमुन्यातल्याच जाडीची, रंगही तोच.

"ही बराबर बसंल," तो म्हणाला. "पण लेकरासाठी असंल तर एकदा गळ्याला लावून बघा. हाताला कळत न्हाई."

दुकानात मी काही लावून पाहिली नाही. घरी येऊन छोटा चौकोन विणला, टेपनं मोजला. टाके तंतोतंत जुळले. त्याचा फोटो वहिनीला पाठवला, म्हणजे पुढं तिला बोलायला जागा नको. मग आरशासमोर उभं राहून चौकोन गळ्याशी धरला. लगेच टोचायला लागलं. थोड्या वेळानं कातडी लाल झाली.

परत जाऊन मऊ लोकर आणता आली असती. गेले नाही. म्हटलं, सेम पाहिजे ना, घे सेम. खाज वहिनीला येणार नव्हती, हे मला कळत होतं. तरी रोज टीव्हीसमोर बसून विणत राहिले. काम देखणं झालं, माझ्या हाताला नावं ठेवायची कुणाची टाप नाही. आठवडाभर आधी भावाबरोबर स्वेटर पाठवला, बारशाला हाच घालायचा असा निरोपही दिला.

बारशाला जीपमध्ये दाटीवाटीनं बसून घनसावंगीला पोचले. भाची पाळण्यात, अंगात माझा स्वेटर. बायका कौतुक करत होत्या आणि मी खुशाल ऐकून घेत होते. नाव सांगायला मी पाळण्यात वाकले, तशा बायका रिवाजाप्रमाणं माझ्या पाठीवर थापा मारायला लागल्या. तिच्या कानाशी तोंड नेलं, तेव्हा स्वेटरचा गळा जरा दुमडलेला दिसला. आतून पांढरं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड लावलं होतं, बाहेरून दिसू नये अशा बारीक टाक्यांनी. भाचीच्या मानेवर मावळत आलेला लाल पट्टा होता.

नाव सांगायचं सोडून मी बोटानं तो दुमडलेला गळा सरळ करत बसले.

"सांगा की, ताई," वहिनी म्हणाली. मी सांगितलं.

जेवायला वाढताना ती हळूच म्हणाली, "माप बराबर आलं बघा. मऊ लोकर न्हाई भेटली का तिथं?"

"नाही भेटली."

"बरं," म्हणून तिनं माझ्या पानात आणखी एक पुरी वाढली.

चारचौघींत तिनं मला उघडं पाडलं असतं तर मी भांडले असते, आणि तिला पुरूनही उरले असते. त्या अस्तराचा राग अजून गेलेला नाही. पाठीवरच्या थापा मात्र त्या दिवशी फारच हलक्या पडल्या.