लिंकनची मिशी

“पेंटरबाई, हे कोण?” हेडमास्तरांनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

“लिंकन,” मी शिडीवरूनच सांगितलं.

“मला तर आमच्या सरपंचांचा आजा वाटतो.”

खोडाळ्याजवळच्या एका आश्रमशाळेची भिंत मी रंगवत होते. थोर माणसांची रांग. दुसऱ्या दिवशी जव्हारहून साहेब बघायला येणार होते. भिंत पसंत पडली तर आणखी दोन शाळांचं काम मला, नाहीतर तिथं फ्लेक्स. या फ्लेक्सनं आमच्या धंद्यातली निम्मी माणसं घरी बसवली होती. मी तेव्हा पन्नाशीची. नातवंडं यायची होती, अक्कलही.

भिंतीवरचे चेहरे आम्ही तक्त्यावरून काढतो. तक्ता म्हणजे दुकानात मिळणारा छापील कागद. त्यावर एकेक चेहरा बोराएवढा. कागदावर लहान चौकटी आखायच्या, भिंतीवर मोठ्या, आणि एकेक चौकट उतरवत जायचं. नावं सगळ्यात शेवटी. तक्त्यातल्या लिंकनला दाढी होती, पण वरचा ओठ कोरा. मी ठरवलं, छपाई उडाली. दाढी राखून मिशी कोण काढतं? मग पदरची मिशी लावून दिली. चांगली पिळदार.

हे मी हेडमास्तरांना अभिमानानं सांगितलं. वर म्हटलं, इथं डोंगरात अमेरिकेच्या माणसाला ओळखतंय कोण?

त्यांनी सहावीच्या पोरी बोलावल्या. आधी शेजारच्या वॉशिंग्टनकडे बोट केलं. माझं सगळ्यात बिनचूक काम ते, केसांचं वळण न् वळण तक्त्याबरहुकूम. पोरी बघत राहिल्या. एकीनं हळूच विचारलं, “कोणाची आजी हाय?”

मग लिंकन. सगळ्या गप्प.

“मिशी काढा,” हेडमास्तर म्हणाले. “तरी नाही ओळखला तर उद्या फ्लेक्सच लावतो.”

मी अंगाचा रंग कालवला आणि मिशी पुसायला घेतली. डावी बाजू गेली. उजवी अर्धी झाली, तोच मागं कुजबुज सुरू झाली.

“लिंकन हाय तो.”

कशावरून, मी वळून विचारलं. सोनी नावाची पोरगी पुढं आली. “पुस्तकात असाच हाय. त्यानी गुलाम सोडवलं. माझा आजा सावकाराकडं वेठीला होता ना, त्याला मी वाचून दाखवली ती गोष्ट. तो बोलला, परत वाच.”

हेडमास्तर स्वतः शिडी धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी शिपायानं साहेब यायच्या आधीच साऱ्या थोरांना हळदकुंकू लावलं, लिंकनलाही. साहेबांनी भिंत पाहिली, मान डोलावली. दोन्ही शाळा मला मिळाल्या.

माणूस जगात कुठवर पोचतो ते त्याच्या कामावर ठरतं. भिंतीवर आला की मात्र सगळं पेंटरच्या हातात, म्हणून पेंटरनं पदरचं काही घालू नये. वॉशिंग्टनला मी काहीच घातलं नव्हतं. तरी त्याच्या खाली नाव जरा मोठ्या अक्षरांत लिहिलं.