गळतं मशीन

वारलूचा उजवा खांदा गेल्या पावसाळ्यापासून वर उठत नव्हता. बायको, कमळा, सोडून हे कुणाला ठाऊक नव्हतं. वल्हं मारणाऱ्या ढिवराचा खांदा गेला की घाट गेला. प्राणहिता नदीपलीकडे माणसं पोचवायला मग दुसराच कुणी डोंगा लावतो. म्हणून तो सिरोंच्याला रईसकडे मशीनची जुनी नाव पाहायला आला होता. खांद्याचं नाव काढायचं नाही, असं ठरवून. भुकेला मासाच गळाला लागतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

रईस पंप दुरुस्त करायचा, नावा घ्यायचा-विकायचा आणि फार हसायचा. वारलूला ते हसणं खटकलं.

"रंग काऊन दिला मशीनले?"

"पोरगी दाखवताना पावडर नाई लावत का, भाऊ?"

"म्हणून तं तोंड धुवून पाहा म्हणतात." त्यानं पंख्याची पाती चाचपली, तेलाचा वास घेतला. "तेल नवं काऊन?"

"जुनं असतं तं जुनं काऊन म्हणला असता!"

शेवटी नाव पाण्यात घातली. रईसनं दोरी ओढली, मशीन लगेच सुरू झालं. फार लगेच, वारलूला वाटलं. मधल्या धारेत रईसनं मशीनची मूठ त्याच्या हाती दिली आणि रेती कुठे वर आली आहे ते पाहायला तो पुढे जाऊन बसला.

तेव्हा वारलूला ते दिसलं. मशीनच्या अंगातून पाण्याची बारीक धार बाहेर पडत होती. रईस तिच्याबद्दल बोलला नव्हता, म्हणजे त्यानं ती लपवली होती. जन्मभर डोंग्यात पाणी दिसलं की आधी बोटं भोकाकडे धावलेली, आताही धावली. खिशातली तंबाखूच्या खर्र्याची पन्नी पिळून त्यानं बोळा केला आणि भोकात घट्ट ठोसला. धार थांबली. बरं वाटलं.

थोड्या वेळानं करपल्याचा वास आला. मशीन किंचाळलं आणि बंद पडलं. नाव खडकांकडे वाहू लागली.

"वल्हं मार, भाऊ! मले नाई जमत!" रईस ओरडला.

वारलूनं डाव्या हातानं वल्हं मारलं. नाव गोल फिरली. पुन्हा मारलं, पुन्हा फिरली. रईस त्याच्या लोंबत्या उजव्या हाताकडे बघत राहिला. फिरत फिरत नाव रेतीला लागली, हे नशीब.

रईस मागे आला. त्याला बोळा दिसला.

"हे कोनं लावलं?"

"गळत होतं."

"गळत नव्हतं, भाऊ. मुतून राह्यलं होतं! मशीन नदीचं पाणी आत घेते, थंड होते, बाहेर सोडते. त्याचं मुतणं बंद केलं तू."

"सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तं मानलं असतं?"

वारलूनं भोकातला बोळा उपटून काढला. मानलं नसतंच.

"घेतो म्या ही नाव," तो म्हणाला.

"आज नाई विकत. आत काही जळलं असन तं उद्या भर धारेत तुले दगा देईन. खोलून पाहतो आधी."

असा विकणारा वारलूनं पाहिला नव्हता. दुसरं गिऱ्हाईक भेटलं असेल. किंवा हातानं अधू ढिवर पाहून यानं काही वेगळंच मनात धरलं असेल. किंवा यातलं काहीच नसेल, आणि तेच त्याला सगळ्यात अवघड वाटलं.

"मंग खोल," तो म्हणाला आणि मशीनकडे पाठ करून रेतीवर बसला. "म्या इथीच हाओ."