बेकरीतल्या डब्याचं सील

मला या गावात उभं केलं ते बेकरीवाल्या चाचांनी. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना नावं ठेवील आणि ते मला चालणार नाही. नावं ठेवायचीच तर मी ठेवीन. तेवढा हक्क माझा आहे.

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सुटली. वडील आजारी पडले, शाळा दोन गावं ओलांडून होती आणि घरात धडधाकट असा मीच उरलो होतो, एवढीच गोष्ट. काही वर्षांनी एका मुकादमाबरोबर उरणला आलो. कंटेनरच्या यार्डात काम देतो म्हणून त्याने आणलं आणि तिसऱ्या दिवशी फोन बंद केला. यार्डात शिरायला पास लागतो, पाससाठी इथल्या माणसाची सही लागते, आणि इथे मला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. मी रोज सकाळी बेकरीसमोरच्या दगडावर बसायचो, कारण तिथून गेट दिसायचं. पाचव्या दिवशी आतून हाक आली.

"ए बेटा, रोज बसतोस, घेत तर काही नाहीस. कुणाची वाट बघतोस?"

मी सांगितलं. त्यांनी हाताचा मैदा लुंगीला पुसला, माझ्याबरोबर गेटवर आले आणि फॉर्मवर सही केली. सहीच्या वर छापलेलं होतं : 'मी या व्यक्तीला ओळखतो.' मी म्हणालो, "चाचा, तुम्ही मला ओळखत नाही."

"आता ओळखतो. चल, पाव खा."

तेव्हापासून मी यार्डाच्या गेटवर आहे. काम सोपं दिसतं. कंटेनरच्या दाराला लोखंडी सील असतं, बोटभर जाड खिळ्यासारखं. एकदा टक् करून बसलं की कापल्याशिवाय निघत नाही. त्यावर नंबर कोरलेला असतो. मी तो मोठ्याने वाचायचा, केबिनमधला माणूस कागदावर बघणार. जुळला तर गाडी पुढे. एक आकडा जरी चुकला तरी गाडी बाजूला, कारण त्याचा अर्थ मधे कुणीतरी दार उघडलं होतं. मी मुळात धास्तीखोर. ड्यूटी संपल्यावरही मला वाटत राहायचं की आपण आठला तीन तर नाही ना वाचलं. पास खिशात आहे का हे मी दिवसातून दहा वेळा चाचपतो, अजूनही. पण या धास्तीचा एक फायदा झाला. वाचलेला नंबर माझ्या डोक्यातून जात नाही.

फुटबॉल मला चाचांनी दाखवला. तरुणपणी ते कितीतरी वर्षं कुवेतला होते, तिथे त्यांना नाद लागला. इथे सगळा मुलूख क्रिकेटचा, पण आमच्या गावाचा फुटबॉलचा क्लब जुना. मैदान म्हणजे पडीक मिठागर, सपाट करून घेतलेलं. त्याचे मालक एक ट्रेलरवाले शेठ. चाचांनी मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी नुसता बघत होतो. पुढच्या रविवारी मैदानाच्या रेघांवर चुन्याची फक्की मारायला लागलो. मग पंक्चर झालेले बॉल, जर्सी धुणं, कुणाचा घोटा दुखतोय, कुणाची ड्यूटी बदललीय, स्पर्धेचा फॉर्म कधी भरायचा, हे सगळं माझ्याकडे कधी आलं ते कळलंही नाही. चार वर्षं गेली. एवढं करून गावात माझं नाव 'घाटी'च. रागाने नाही, सवयीने. "ए घाटी, बॉल टाक."

मग आमच्या क्लबच्या मॅनेजरला दुबईचा व्हिसा आला.

आमच्याकडे मॅनेजर कोण हे खेळाडू ठरवत नाहीत, मॅच बघणारे ठरवतात. रिवाजच तसा. "हरल्यावर शिव्या आम्ही घालायच्या, तर मानूस पन आम्हीच ठरवनार," असं आमचा जुना गोलकीपर म्हणतो. आता तो पोटामुळे गोलपोस्टच्या मागे खुर्ची टाकून बसतो. पूर्वी हात वर करून निवड व्हायची. एकदा त्यावरून मारामारी झाली, तेव्हापासून चिठ्ठ्या आल्या. आणि निम्मे लोक पाळीवर असतात, म्हणून मतदान शुक्रवार ते रविवार चालतं. खारीचा पत्र्याचा डबा, झाकणाला फट, कडीला कंटेनरचं सील. नंबर सगळ्यांसमोर वाचायचा आणि बेकरीच्या फळ्यावर खडूने लिहायचा. डबा तीन दिवस बेकरीतच. ज्याला जमेल त्याने येऊन चिठ्ठी टाकायची.

शुक्रवारी संध्याकाळी बेकरीत चर्चा झाली. दोनच नावं होती. शेठचा भाचा आणि मी. माझं नाव गोलकीपरने टाकलं.

"भाच्याकडे गाडी हाय," एक ट्रेलर ड्रायव्हर म्हणाला. "अलिबागला मॅच असली तर टीम काय घाट्याच्या सायकलवर बसून जानार?"

"गाडी मॅनेजर व्हनार हाय का मानूस?" गोलकीपर म्हणाला. "गेल्या फायनलला पेनल्टी कोनी मारायची ता कोनी सांगितला? ह्यानी. कोनाचा गुडघा कंदी धरतो ता ह्याला तोंडपाठ हाय."

"गुडघ्याचं डॉक्टर बघेल. रेफ्रीशी भांडायला आवाज लागतो. हा तर सॉरी म्हणून पिवळं कार्ड घेईल."

सगळे हसले, मीही हसलो. ते खरं होतं.

"आणि नवीन जर्सी कोण देईल?" भाच्याच्या बाजूने कुणीतरी विचारलं.

"नवीन जर्सी घालून मागल्या साली पाच गोल खाल्ले ते इसरलास व्हय?"

भाचा स्वतः वाईट नव्हता. तो कोपऱ्यात नानकटाई खात बसला होता आणि मला म्हणाला, "तू झालास तरी मी येईन हां मॅचला." मधेच कुणी म्हणालं की बाहेरचा माणूस गावाचा मॅनेजर कसा, उद्या त्याच्या गावाला निघून जाईल. मग चाचा भट्टीजवळून बोलले, "बाहेरचा कोण? ह्याच्या पासवर सही कोणाची आहे, जाऊन बघा."

मला त्या वेळी काय हवं होतं ते सांगतो, हसू नका. स्पर्धेला टीम मैदानात उतरते तेव्हा माइकवरून गावाचं नाव घेतात आणि लगेच मॅनेजरचं. माझं नाव एकदा या गावाच्या नावाला लागून ऐकायचं होतं. दुसरं काही नाही. मी आईला फोनवर सांगूनही टाकलं होतं की बहुतेक होईल. ती म्हणाली, "म्हणजे तिथले लोक तुला आपलं म्हणतात की." मी हो म्हणालो.

काहींना लिहायला जमत नाही म्हणून खुणा ठरवल्या. भाच्यासाठी चाक, माझ्यासाठी फक्कीची आडवी रेघ. उमेदवारानेच सील वाचायचं का, यावर थोडी कुरकुर झाली, पण गोलकीपर म्हणाला, "दुसऱ्या कोनाला तेवढा बारीक दिसतंय? तुला? तुला समोरचा गोलपोस्ट दिसत न्हाय." मी नंबर वाचला. शेवटचे तीन आकडे सात, एक, सात. चाचांनी फळ्यावर लिहिला.

शनिवारी आणि रविवारी लोक येऊन टाकत होते. बरेच जण माझ्याकडे बघून डोळा मारायचे. तेवढ्यावर मी आनंदात होतो. धास्ती होतीच, पण आनंदाची धास्ती.

रविवारी दुपारी सगळे जमले. चाचांनी डबा ओट्यावर आणून ठेवला. रीत अशी की आधी ज्याने वाचला त्यानेच पुन्हा नंबर वाचायचा, बाकीच्यांनी फळ्यावर बघायचं, आणि मगच सील कापायचं. मी वाकलो.

सील दुसरं होतं.

तसंच लोखंडी, तसाच रंग. पण शेवटचे आकडे दोन, नऊ, चार. मी अंगठ्याने पुसून पाहिलं, वाटलं मैदा लागला असेल. दोन, नऊ, चार. रोज शेकडो वाचणाऱ्या माणसाला यात शंका येत नाही. मधे कुणीतरी डबा उघडला होता. बेकरीची किल्ली एकाच माणसाकडे असते. मी मान वर केली. चाचा माझ्याकडे बघत नव्हते. खारीचा ट्रे पुसत होते, आणि तो ट्रे स्वच्छ होता.

"काय रे घाटी, वाच की! काय ग्रामपंचायतीचा निकाल हाय?"

यार्डात मी नवीन असताना मोठ्या साहेबाच्या ओळखीची गाडी एका आकड्यासाठी बाजूला लावली होती. त्यासाठी शिव्या खाल्ल्या होत्या, पण लावली होती. इथे मी फळ्याकडे न बघता, पाठ असलेला नंबर म्हटला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. सात, एक, सात.

"जुळला!" सगळे ओरडले.

गोलकीपरने कटरने सील कापलं. तुकडे मी उचलून खिशात टाकले, पासच्या शेजारी. चिठ्ठ्या उघडल्या. चाक, चाक, रेघ, चाक. सात मतांनी मी हरलो. भाचा येऊन गळ्यात पडला. कुणीतरी म्हणालं, "लोकं तोंडावर एक बोलतात न् करतात दुसरं." गोलकीपर खुर्चीत बसला तो उठलाच नाही. ज्यांनी डोळे मारले होते ते एकमेकांकडे बघत होते. त्यांना वाटलं असेल, आपण टाकलं, मग दुसऱ्यांनी फसवलं. त्या दिवसापासून गावात बरेच जण एकमेकांना खोटारडे समजतात, आणि त्यात माझाही हात आहे.

सोमवारी ड्यूटी संपल्यावर बेकरीत गेलो. चाचा एकटे होते. मी सीलचे तुकडे ओट्यावर ठेवले.

"चाचा, नंबर दुसरा होता."

"मालूम आहे."

"कोणी बदललं?"

"मी." पिठातला हात थांबला नाही. "शेठ शनिवारी आला होता. बोलला, भाचा मॅनेजर झाला तर मैदान राहील. नाहीतर पावसाळ्यानंतर मुरूम टाकून ट्रेलर लावतो. सील पण त्यानेच दिलं."

"मग सगळ्यांना सांगायचं."

"सांगितलं असतं तर पोरं शेठच्या दारात गेली असती. त्यातली अर्धी त्याच्याच ट्रेलरवर आहेत. मैदान पण गेलं असतं न् नोकऱ्या पण."

"माझी किती होती?"

"उघडून नाही बघितली. घडी केलेल्या चिठ्ठ्या नुसत्या मोजल्या, भट्टीत टाकल्या, तेवढ्याच नवीन केल्या. बघितली असती तर हात चालला नसता, बेटा."

मला रडू येत होतं आणि येऊ द्यायचं नव्हतं. मी म्हणालो, "मला एकट्याला सांगितलं असतं तर मी नाव मागे घेतलं असतं. तुम्ही नुसतं म्हणायचं होतं."

आता हात थांबला. हे त्यांच्या मनातच आलं नसावं. सही करायला ज्याला अर्धं मिनिट लागलं नव्हतं, त्या माणसाच्या मनात हे आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मग मी शेवटचं विचारलं. "फळ्यावरचा नंबर का नाही बदललात? मी खरं वाचलं असतं तर तिथल्या तिथे पकडले गेला असतात."

"फळा सगळ्यांनी बघितलेला," ते म्हणाले. आणि मग हळूच, "आणि वाचणार तू होतास ना."

मी बाहेर पडलो, समोरच्या दगडावर जाऊन बसलो. मॅनेजर होणं गेलं याचं दुःख त्या क्षणी कमी झालं होतं. पण मी गप्प बसेन, हे धरूनच त्यांनी सीलला हात घातला होता. दुसरा कोणी वाचणारा असता तर घातला नसता. त्यांनी मला ओळखलं होतं ते असं.

आईला मी सांगितलं की मॅनेजरचं काम फार असतं, मीच नको म्हटलं.

याला तीन वर्षं झाली. शेठने पुढच्याच पावसाळ्यानंतर अर्ध्या मैदानावर मुरूम टाकला. म्हणाला, अर्धं तर ठेवलंय. आता सात-सात जणांची मॅच होते आणि बॉल ट्रेलरच्या खाली गेला की भाचाच वाकून काढतो. माइकवर गावाच्या नावापुढे त्याचं नाव येतं. मी फक्की मारतो, रेघ पूर्वीपेक्षा आखूड असते. गोलकीपर अजून अधूनमधून विचारतो, "आयला, तुझी मतं गेली कुठं रे?" मी म्हणतो, "तूच टाकलं नसशील." त्यावर तो मनापासून चिडतो आणि मला त्याचं वाईट वाटतं.

त्या सोमवारनंतर मी महिनाभर बेकरीत गेलो नव्हतो. मग पासची मुदत संपली, पुन्हा फॉर्म आला, पुन्हा तीच ओळ आणि खाली सहीची जागा. दोन दिवस फॉर्म घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी चाचाच गेटवर आले, हातात पेन. सही केली आणि पाव माझ्या हातात ठेवून गेले. मी तो खाल्ला. राग होता तरी खाल्ला.

आता त्यांचे गुडघे गेलेत. मुलगा कतारला आहे, दोन वर्षं आला नाही. चौलला त्यांची थोरली बहीण असते, नारळीच्या वाडीत. तिला भेटायचं म्हणतात आणि बेकरी कुणावर सोडू म्हणून राहून जातं. मला सलग दोन दिवस सुट्टी कधी मिळत नाही. पण एकदा मी ती घेणार आहे. बेकरी गोलकीपरवर सोपवीन, चाचांना भाड्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवीन, आणि बहिणीच्या दारापर्यंत हाताला धरून नेईन. जाताना रस्त्यात त्या रविवारचं काहीतरी निघेल, किंवा नाही निघणार. सीलचे तुकडे मी तेव्हाच ओट्यावर सोडून आलो होतो. त्या पहिल्या सहीची मात्र फेड करायची राहिलीय, आणि ती मी करीन.