नानांच्या मागावरचं वीतभर कापड

पेणच्या बाजारात भाजी घेत होतो, तेवढ्यात रोह्याहून कुसुमवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या बोलल्या. हे म्हणजे नाना, माझे चाळीस वर्षांचे मित्र. पिशवी हातात धरून मी तसाच उभा राहिलो... गेल्या महिन्यातच तर भेटलो होतो. त्यांच्या मागावरचं कापड वीतभर विणायचं उरलं होतं. "झालं की पहिले हात तू पुसायचे," नाना म्हणाले होते. "पाणी टिपलं तर कापड, नाय तर नुसता सुताचा गुंता."

नाना रोह्याच्या शाळेत इतिहास शिकवायचे, मी पेणला चित्रकला. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, यांनी पडवीत आदिमानवाचा माग मांडला. जुन्या वस्त्यांच्या उत्खननात भोकं पाडलेले मातीचे गोळे सापडतात. उभे धागे ताठ राहावेत म्हणून ते खाली बांधत असावेत, असं त्यांनी वाचलेलं. "असावेत म्हणजे काय? विणून बघू ना." मग बांबूची चौकट आली, टकळीवर सूत कातणं आलं. गोळ्यांसाठी माती मी आणली, अर्थातच मूर्तिकारांच्या जोह्याहून. आम्हा पेणकरांना माती म्हणजे शाडू. गोळे सुकवले, टांगले, आणि आषाढात पडवीत झड येऊ लागली तसा एकेक मऊ होऊन गळून पडला. विसर्जनाची माती ती, तिनं आपलं काम चोख केलं. "बाप्पा निघाले गावाला," वहिनी म्हणाल्या. नाना दोन दिवस फुरंगटून बसले. पुढे शेतातली माती घेतली, गोळे भाताच्या तुसात भाजले... पक्का भाजलाय का म्हणून एकेक गोळा कानाशी नेऊन वाजवणारे नाना अजून डोळ्यांसमोर आहेत. फार सुखाचे दिवस होते ते.

दिवसकार्यानंतर परवा पुन्हा रोह्याला गेलो. ते अर्धवट कापड काचेत लावून शाळेला द्यावं, असं मनात होतं. पण पडवीतली चौकट रिकामी, गोळे कठड्यावर ओळीनं ठेवलेले. मी हबकलो.

"मीच पुरं केलं," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्यासारखं सरळ नाय आलं."

जेवून हात धुतले, तर त्यांनी तेच कापड पुढे केलं. मी घेईना. काचेचं बोललो.

"काचेत ठेवून काय कळणार हाय? तुमचीच वाट बघत होते मी. पुसा."

पुसले. हात कोरडे झाले. वहिनींनी कापड परत घेतलं, ओली जागा बोटांनी चाचपली आणि रिकाम्या चौकटीकडे बघून हळूच म्हणाल्या, "अहो, टिपलं पाणी."