झिंगूच्या गोष्टी लिहिणारे बाबूभाई

बाबूभाईंचं वडसा गावात रेशनचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते मुलांसाठी गोष्टी लिहायचे. त्यांचा झिंगू हा जंगलातला पोरगा. वाघ, ठेकेदार, शिपाई, कुणाच्याच हाती लागत नसे. प्रत्येक गोष्ट छापायला जाण्याआधी माझ्याकडे तपासायला यायची. माझे पती गेल्यावर त्या कामानंच मला सावरलं. नागपूरच्या कुणा समीक्षकानं त्यांना ‘जंगलाचा प्रामाणिक आवाज’ म्हटलं, तेव्हा माझाच सत्कार झाल्यासारखं वाटलं.

१९९८ च्या जानेवारीत मुलांच्या वाचनालयाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. मुख्य भाषण माझं. ज्या गावात गोष्टी मिळाल्या असं ते सांगत, तिथल्या डोमा नावाच्या म्हाताऱ्याला मी त्यांना न सांगता बोलावून घेतलं. तेवढीच त्यांना गंमत वाटेल, असं मनात होतं.

कार्यक्रमाआधीच्या पंगतीत डोमानं पत्रावळ पालथी घातली.

“का हो डोमाभाऊ, जेवत नाही?”

“ज्याच्या पंगतीत जेवलो त्याच्या विरुद्ध त्या दिवशी बोलाचं नाई, अशी आमच्या गावची रीत हाय बाई. अन् मले बोलाचं हाय.”

मी त्याला बाजूला नेलं, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. वीस वर्षांपूर्वी धरणाविरुद्धच्या आंदोलनात बाबूभाई डोमाच्या गावाचे पुढारी होते. गाव त्यांच्या शब्दावर चालायचं. पोलीस शोधायला लागले तेव्हा डोमाचा धाकटा भाऊ रानात लपला. जागा घरच्यांखेरीज फक्त बाबूभाईंना ठाऊक होती. तेच पोलिसांना तिथं घेऊन आले. भाऊ तुरुंगातून खोकला घेऊन परतला आणि त्याच पावसाळ्यात गेला. बाबूभाईंना रेशन दुकानाचा परवाना मिळाला.

“भावाचं नाव काय होतं?”

“झिंगू.”

बाबूभाईंना मी मांडवामागे गाठलं. ते नाकारतील असं वाटलं होतं. डोक्यावरची टोपी सारखी करत ते म्हणाले, “गोष्टीत तं मी त्याले हर वेळी वाचोलं ना, खुर्शीदाबाई.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगतलं असतं तं तुम्ही तपासल्या असत्या काय?”

माईकवर माझं नाव पुकारलं गेलं. तयार भाषण पर्समध्येच राहिलं. “या वाचनालयाला बाबूभाईंचं नाव देऊ नये,” मी म्हणाले, “का ते डोमाभाऊ सांगतील.” आणि माईक त्यांच्या उंचीला खाली केला.

बाबूभाई पहिल्या रांगेत हार घालून बसले होते. दगा मी दिला असावा, तसे ते माझ्याकडे बघत राहिले.