पेवाचा कंदील

आंबूस ज्वारीचा वास आला की सासरचं पेव आठवतं. जमिनीतलं ते धान्याचं कोठार उघडलं की आधी गावाचा कंदील आत सोडायचा. तो विझला तर आत विषारी हवा, कोणीही उतरायचं नाही. कंदील चावडीत असे. पेवाच्या तोंडावरची माती काढताना दीर म्हणाले, "वहिनी, कंदील लवकर आना, पावने उपाशी हायेत." पण चावडीपुढून सुनांनी जायचं नसे, म्हणून मी शिवारातून वळसा घालून मागच्या दाराने कंदील घेतला. परतले तेव्हा दीर वर नव्हते. हाकेला ओ आली नाही. माणसांनी कंदील सोडला, तो हातभरावरच विझला. "काहून उशीर झाला वं?" सासूने विचारलं. मी वळशाचं सांगितलं. ती रडतच म्हणाली, "बरं केलं." आता मी त्याच चावडीपुढून रोज जाते. कोणी मान वर करून पाहतही नाही.